खिशातला जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा: रोज सोबत कोण कोण नेतं?

फलाट_पाच

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा विषय डोक्यात आहे, आज लिहूनच टाकतो. माझ्या ऑफिसच्या बॅगेत डब्याशेजारच्या कप्प्यात एक जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा कायम असतो. कॅननचा पॉवरशॉट ए५९० आयएस, २००८ चं मॉडेल. ८ मेगापिक्सेल, ४ पट झूम, दोन पेन्सिल सेल घातले की चालू, आणि स्क्रीनच्या वर डोळा लावायची छोटी काचेची खिडकी. फोन माझा चांगला आहे, आकड्यांत बघितलं तर त्याचा कॅमेरा याच्या कितीतरी पुढे. पण वर्ष संपताना मी फोटो चाळायला बसतो आणि प्रिंट काढायला म्हणून जे बाजूला ठेवतो त्यात बहुतेक या कॅमेऱ्यातलेच निघतात. दरवर्षी हेच होतं.

मला त्याचं कारण असं वाटतं की फोन खिशातून काढला की आधी दोन मेसेज दिसतात, कोणाचा तरी मिस्ड कॉल दिसतो, आणि कॅमेऱ्यापर्यंत पोचेस्तोवर समोरचं निघून गेलेलं असतं नाहीतर माझंच लक्ष उडालेलं असतं. हा चालू केला की भिंग बाहेर येतं, बस, बाकी काही येत नाही. दादरच्या फुलबाजारात एक माणूस डोक्यावरची झेंडूची पाटी उतरवत होता, त्याच्या कानामागे एक फूल अडकलेलं, ते खिडकीतून दिसलं आणि बोट खाली गेलं. तो फोटो आता माझ्या टेबलावर आहे.

आता अडचण अशी की बॅटरीच्या झाकणाची खिट्टी झिजलीय, झाकण अंगठ्याने दाबून धरलं तरच कॅमेरा चालू राहतो. दुरुस्त करून हाच वापरावा, की त्याच जातीतला थोडा वरचा जुना कॅमेरा बघावा? कॅननचा एस९०, सोनीचा पहिला आरएक्स१००, रिकोचा जीआर अशी नावं ऐकलीत. तुम्ही काय बाळगता आणि का, ते सविस्तर लिहा, मला घाई नाहीये.

घाटवाट

वा, माझ्या मनातला धागा. मी आरएक्स१०० चा पहिला अवतार वापरतो, २०१२ चा. २४० ग्रॅम वजन, एक इंची सेन्सर (उजेड टिपणारा भाग), २० मेगापिक्सेल. ट्रेकला सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला छोटं पाऊच लावलंय त्यात असतो. मोठा कॅमेरा सॅकमध्ये जातो आणि मग तो मुक्कामावरच बाहेर निघतो, हा अनुभव सगळ्या ट्रेकवाल्यांचा असेल. राजगडाच्या बालेकिल्ल्याचा तो उभा चढ चढताना एक हात कायम दगडाला असतो, तेव्हा एका हाताने काढून एका हाताने दाबता येतो तोच कॅमेरा खरा.

फोन तिथे मला नकोच वाटतो. घामाने ओली बोटं स्क्रीनवर चालत नाहीत, पावसाचा एक थेंब पडला की स्क्रीन आपल्याच मनाने कुठेतरी जाते. आणि फोन दरीत गेला तर तिकीट, पैसे, घरच्यांचे नंबर सगळंच गेलं. कॅमेरा गेला तर कॅमेरा गेला. मनगटाला दोरी मात्र हवीच हवी.

सरळरेघ

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. आजच्या बऱ्या फोनचा मुख्य सेन्सर हा ए५९० च्या सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा असतो. एका दाबात पाच-दहा फ्रेम घेऊन जोडतो, अंधारात हात हलला तरी सांभाळून घेतो. फोटो घरी पोचायच्या आत साठवून झालेले असतात. मागच्या वर्षी वडील दवाखान्यात होते तेव्हा त्यांचे शेवटचे चांगले फोटो आणि आवाजासकट व्हिडिओ माझ्या फोनमध्येच निघाले, कारण फोनच हातात होता. त्या वेळी कॅमेरा घरी राहिला असता. रोज सोबत असणं हाच निकष असेल तर फोन आधीच जिंकलाय.

मेसेज येतात म्हणता, तर ते बंद करून ठेवता येतात की.

फलाट_पाच

@सरळरेघ, राग कसला, आणि वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. व्हिडिओचं शंभर टक्के मान्य, या कॅमेऱ्याचा व्हिडिओ अगदीच जुजबी आहे, मी घेतच नाही.

मेसेज बंद करून बघितले आहेत. पण हातात फोन आहे म्हटल्यावर मनाला माहीत असतं की त्यात सगळं आहे. फोटो काढून झाल्यावर फोन परत खिशात जातो का? माझ्या बाबतीत जात नाही, काहीतरी बघितलंच जातं, आणि मान वर करेपर्यंत माटुंगा गेलेलं असतं. कॅमेरा बंद केला की डोळे परत बाहेरच जातात.

कुंदा_नाशिक

माझा अनुभव जरा वेगळ्या बाजूचा. मला फ्लॅशसाठी छोटा कॅमेरा लागतो. बारसं, केळवण, हळद, मंगळागौर, आमच्याकडे खूप माणसं आणि सगळे कार्यक्रम ट्यूबलाइटखाली. फोनने काढलेल्या मंगळागौरीच्या फोटोत फुगडीवाल्या दोघींचे चेहरे पुसल्यासारखे येतात, नाहीतर एकीला तीन हात येतात. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडतो आणि पदर हवेत जिथे असेल तिथेच थांबतो, नथीचे मोती मोजता येतात.

माझ्या लेकीने कपाटातला कॅननचा जुना इक्सस काढून कॉलेजला न्यायला सुरुवात केलीये. तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुलींकडे असेच आईबाबांचे कॅमेरे आहेत म्हणे. लोक याला फॅशन म्हणतात, म्हणू देत. तिचे फोटो मी बघते ना, ती आता दाबायच्या आधी थांबते, कोण कुठे उभं आहे बघते. फोनवर ती असं करायची नाही.

प्रकाशमापक

कुंदाताईंनी म्हटलंय त्याला तांत्रिक कारण आहे, सांगतो. कॅमेऱ्यातला फ्लॅश झेनॉनचा. त्याचा प्रकाश सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी वेळात उडून संपतो. फोनमधला फ्लॅश म्हणजे एलईडी, तो शटर उघडं आहे तोवर जळत राहतो आणि त्याचा जोरही कमी. हलती वस्तू गोठवायची तर थोड्या वेळात भरपूर उजेड पाहिजे, तो झेनॉनच देतो.

दुसरी गोष्ट कोणी फारशी बोलत नाही. जीआरसारख्या बऱ्याच चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये शटर भिंगाच्या आतच पाकळ्यांचं असतं. मोठ्या एसएलआरमध्ये (भिंग बदलता येणारा कॅमेरा) फ्लॅशसोबत साधारण सेकंदाच्या १/२०० च्या पुढे शटर नेता येत नाही, फ्रेमचा एक भाग काळा पडतो. पाकळ्यांच्या शटरला तो त्रास नाही. भर दुपारी बारा वाजता टोपी घातलेल्या माणसाचा चेहरा काळा पडतो ना, तिथे १/१००० वर फ्लॅश मारून चेहरा उजळता येतो, आणि मागचं आकाश निळंच राहतं. एवढ्याशा कॅमेऱ्याची ही ताकद लोकांनी वापरून बघावी.

आणि जाता जाता, हल्ली जिकडेतिकडे 'सीसीडीचे रंग' म्हणून चाललंय त्यावर (सीसीडी म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांतल्या सेन्सरची जात). जुने रंग आवडतात ते मलाही आवडतात, पण ते फक्त सेन्सर सीसीडी आहे म्हणून येत नाहीत. सेन्सरवरच्या रंगीत गाळण्या कशा आहेत, त्या काळच्या कंपन्या जेपीजी कसा शिजवायच्या, किती गडद ठेवायच्या, यावर ते ठरतं. नुसतं 'सीसीडी' लिहिलंय म्हणून कोणी दुप्पट किंमत सांगत असेल तर देऊ नका.

घाटवाट

मग जुन्या फोटोत सावल्या काळ्याकुट्ट येतात त्या का छान वाटतात? माझ्या आरएक्सचा सेन्सर सीमॉस म्हणजे नंतरच्या जातीचा आहे, त्यात तसं येत नाही.

प्रकाशमापक

कारण त्या सेन्सरला उजेड-अंधाराचा मोठा पल्ला झेपायचाच नाही. खिडकीबाहेरचं धरलं की घरातलं काळं. आत्ताचा फोन दोन्ही एकाच फोटोत दाखवतो, ढग पण, पलंगाखालची चप्पल पण. सगळंच दिसायला लागलं की नजर कुठे ठेवायची ते कळत नाही. जुन्या कॅमेऱ्यात तुम्ही ठरवता काय उजेडात ठेवायचं ते. माझ्या मते हे त्याचं बळ आहे आणि ते शिकून वापरावं.

सीसीडीचा एक दोषही सांगून ठेवतो. रात्री फ्रेममध्ये हॅलोजन किंवा गाडीचा दिवा आला की स्क्रीनवर त्या दिव्यातून वरपासून खालपर्यंत उभी पांढरी रेघ ओढली जाते. कॅमेरा बिघडला म्हणून घाबरू नका, ते तसंच असतं.

बोरीबंदर_जुना

मुलांनो, तुम्ही ज्याला जुना म्हणताय तो मला कालचा वाटतो :)

मी १९८० च्या दशकात हॉट शॉट हा फिल्मचा कॅमेरा वापरला, मग याशिका एमएफ-२, मग घरात केबी १० आला. त्या वेळी ज्या घरात कॅमेरा असायचा तिथे बहुतेक यातलंच काहीतरी एक असायचं. रोल ३६ चा, पण नीट भरला तर ३७ वा फोटो निघायचा आणि तो ३७ वा कोणाचा काढायचा यावर घरात चर्चा व्हायची.

पण रोज सोबत बाळगावा असा कॅमेरा मला पुढे मिळाला तो ऑलिंपस एक्सए. १९७९ साली आलेला, योशिहिसा माइतानी यांनी आखलेला. त्याला पिशवी नाही, भिंगाचं टोपण नाही. पुढचं सरकतं झाकण हेच त्याचं सगळं. झाकण सरकवलं की भिंग उघडं आणि कॅमेरा तयार, बंद केलं की बटणही दाबलं जात नाही. बटण म्हणजे एक लाल चौकोन, त्याला खाली जाणं असं नाहीच, बोट टेकलं की काम झालं. बसच्या दांडीला एका हाताने लटकत दुसऱ्या हाताने मी त्यावर फोटो काढलेत. खिशात चाळीस वर्षं बाळगला तरी त्याचे कोपरे कापडाला लागत नाहीत असा घडवलाय. माझ्या मते फलाट_पाच जे म्हणतायत त्याचं मूळ इथे आहे. खिशातून काढणं आणि फोटो निघणं यात कमीत कमी पायऱ्या. माइतानींना ते पक्कं कळलेलं होतं.

फिल्मचा खर्च आता फार झालाय, त्यामुळे कोणाला फिल्म घ्या असं मी सांगणार नाही. मी स्वतः महिन्या-दोन महिन्यांत एखादा रोल लावतो, बाकी वेळ जवळ एक कॅननचा एस९० असतो.

निळी_शाई

एस९० बद्दल लिहा ना काका, मी घ्यायच्या विचारात आहे.

बोरीबंदर_जुना

लिहितो की. २००९ चा. १० मेगापिक्सेल, २८ ते १०५ मिमीचं झूम, आणि रुंद टोकाला एफ/२ एवढं मोठं छिद्र, म्हणजे घरातल्या उजेडातही चालून जातो. रॉ, म्हणजे न शिजवलेली कच्ची फाइल देतो. त्याची खुबी म्हणजे भिंगाभोवतीची कडी. ती फिरवली की तुम्ही सांगाल ते बदलतं. मी तिला झूम लावून ठेवलंय, २८, ३५, ५०, ८५, १०५ असे ठरलेले टप्पे येतात. बोटाला खट खट कळतं, त्यामुळे स्क्रीनकडे न बघताही ३५ वर आलो हे समजतं. डोळा लावायची खिडकी मात्र नाही आणि कडक उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही, ते धरून चाला.

कोकणी_वारा

हे सगळं ठीक, पण समुद्राकाठी राहणाऱ्यांनी जरा वेगळा विचार करायला लागतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलेला बुरशी येते तिथे भिंगाला येणार नाही का. बुरशी धरली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात, आणि कॉम्पॅक्टचं भिंग उघडून पुसण्याचा खर्च कॅमेऱ्याहून जास्त.

मी काय करतो ते सांगतो. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि एक छोटा आर्द्रता मोजायचा काटा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर भाजून घ्यायचं, परत कोरडं होतं. चामड्याच्या कव्हरात कॅमेरा ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे रोज वापरा. माझा रोज बाहेर जाणारा कॅमेरा स्वच्छ आहे, जपून ठेवलेल्यालाच बुरशी आली.

वाळूपासून तर देवच वाचवो. भिंग आत-बाहेर करताना एक कण अडकला की लेन्स एरर.

आणि जुना घेणाऱ्यांसाठी: साधारण २००२ ते २००४ या काळातले कॅमेरे घेताना चालू करून फोटो काढूनच घ्या. त्या काळच्या एका मोठ्या सेन्सर बनवणाऱ्याच्या सीसीडीत आतल्या बारीक तारांचे सांधे उष्णता आणि दमटपणाने सुटायचे. फोटो काळा येतो नाहीतर जांभळट आडव्या रेघा. २००५ च्या ऑक्टोबरात ते जाहीर झालं आणि बऱ्याच कंपन्यांनी फुकट दुरुस्ती दिली होती. आता ते कोणी करून देणार नाही. आपली हवा दमट आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

सरळरेघ

कढईत जेल भाजणं, आर्द्रतेचा काटा... एवढं करून फोटो काढायचा, कमाल आहे बुवा. फोनला यातलं काही लागत नाही :)

कोकणी_वारा

@सरळरेघ, आंब्याच्या पेट्याही उलट्यापालट्या कराव्या लागतात म्हणून कोणी आंबा सोडत नाही. या हंगामात या आमच्याकडे, कॅमेरा नको असेल तर आंबे खा.

सरळरेघ

येतो, पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा :)

तोक्यो_मुक्कामी

मी इथे तोक्योत नोकरीनिमित्त राहते. हार्ड ऑफ म्हणून जुन्या वस्तूंच्या दुकानांची साखळी आहे, तिथे निळ्या टोपल्यांमध्ये 'जंक' म्हणून न तपासलेले कॅमेरे ठेवलेले असतात. चार्जर नसतो, चालतो की नाही कोणी सांगत नाही, तुम्ही नशीब काढायचं. शनिवारी कॉलेजची मुलं त्या टोपल्या उपसत असतात. मी जाताना खिशात पेन्सिल सेल आणि एक लहान कार्ड घेऊन जाते म्हणजे सेलवर चालणारे तरी जागेवर तपासता येतात.

पण माझा रोजचा कॅमेरा रिको जीआर, २०१३ चा. जीआर हे नाव १९९६ च्या फिल्मवाल्या जीआर१ पासूनचं, डिजिटल २००५ ला आला आणि २०१३ ला त्यात एसएलआरच्या मापाचा मोठा सेन्सर बसवला. वजन २४५ ग्रॅम. झूम नाही, २८ मिमी एफ/२.८, बस. माझ्यासाठी त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्नॅप फोकस. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, समजा अडीच मीटर, आणि भिंगाचं छिद्र बारीक, एफ/८. मग बटण एकदम शेवटपर्यंत दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, थेट अडीच मीटरवर जातो, आणि साधारण सव्वा मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. गर्दीच्या चौकात हिरवा सिग्नल पडला की माणसं अंगावर येतात, तिथे फोकस शोधायला वेळच नसतो. मी आता नुसत्या अंदाजाने सांगते कोण दोन मीटरवर आहे ते.

इथे विकले जाणारे फोन फोटो काढताना आवाज करतातच, बंद करता येत नाही. चोरून फोटो काढले जाऊ नयेत म्हणून. माझा कॅमेरा आवाज करत नाही, त्यामुळे मला उलट जास्त जपून वागावं लागतं.

निळी_शाई

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, त्यावर जरा बोलू या का? अवांतर वाटेल पण नाहीये. धाग्यात लोकल, फुलबाजार, चौक असं सगळं येतंय. मी रोज लेडीज डब्यातून प्रवास करते. कोणी फोन वर धरला की बायका लगेच सावध होतात आणि बरोबरच आहे त्यांचं. छोटा कॅमेरा लक्षात येत नाही म्हणून तो चांगला, असं कोणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही.

फलाट_पाच

माझ्या बाबतीत उलट होतं. फोन धरला की समोरच्याला कळत नाही मी काय करतोय, बोलतोय की शूट करतोय की कुठे टाकतोय. कॅमेरा डोळ्याला लावला की शंकाच उरत नाही. लोक बघतात, हसतात, नाहीतर हात करून नको म्हणतात. नको म्हटलं की मी खाली घेतो. त्या फुलवाल्याने फोटो बघायला मागितला, मग म्हणाला पुढच्या वेळी कागदावर आण. दिला नेऊन.

निळी_शाई

प्रिंट नेऊन दिलात हे फार आवडलं. एवढं केलं तर माझी काही तक्रार नाही.

कुंदा_नाशिक

प्रिंटवरून आठवलं. आमच्याकडे २००६-०७ चे सगळे फोटो आजही आहेत कारण ते कार्डातून कॉम्प्युटरवर, तिथून सीडीवर, मग हार्ड डिस्कवर असे हाताने गेले. फोल्डरला नाव दिलं जायचं, 'आजी ७५', 'दापोली'. नंतरच्या फोनमधले हजारो आहेत म्हणे, पण फोन बदलताना एकाचे गेले, दुसऱ्याचे कोणत्या खात्यात आहेत ते आठवत नाही. कार्ड काढून फोटो उतरवायला बसणं हा कंटाळवाणा भाग वाटतो, पण त्याच वेळी निवड होते आणि नाव पडतं.

सरळरेघ

इथे मात्र मी हरलो म्हणायला हरकत नाही. वडिलांचे ते फोटो शोधायला मला परवा अख्खा रविवार गेला, मध्ये नुसते स्क्रीनशॉट आणि शुभ सकाळ. फोटो फोनने काढीन, पण वेगळे काढून नाव देऊन ठेवायला आजपासून सुरुवात.

ढोलपथक_पुणे

उशिरा आलो धाग्यावर. @प्रकाशमापक यांनी फ्लॅशचं सांगितलं त्यात भर. मी विसर्जनाला लक्ष्मी रोडवर असतो, पथकातच. मोठा कॅमेरा न्यायचा प्रश्नच नाही, गुलाल आणि धक्काबुक्की. छोट्या कॅमेऱ्यात 'स्लो सिंक्रो' असं काहीतरी असतं बघा फ्लॅशच्या मेनूत, ते लावा. शटर जरा जास्त वेळ उघडं राहतं आणि त्यात एकदा फ्लॅश उडतो. होतं काय, ताशावाल्याची काडी फ्लॅशमुळे एका जागी ठळक येते आणि तिच्या मागे पुढे दिव्यांच्या उजेडात तिचीच पुसट रेघ येते. आवाज दिसतो राव फोटोत. फोन हे करत नाही, तो सगळ्या फ्रेम जोडून हात एकतर साफ करतो नाहीतर गायब.

गुलालासाठी कॅमेरा पारदर्शक पिशवीत घालून भिंगापुरतं भोक पाडा, रबर बँड लावा.

प्रकाशमापक

हे ताशाचं उदाहरण फार सुंदर दिलंत.

फलाट_पाच, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, तो मागे पडला. माझं मत: ए५९० दुरुस्त करा. कारणं सांगतो. पेन्सिल सेल कुठल्याही टपरीवर मिळतो आणि अजून पुष्कळ वर्षं मिळेल. चपट्या लिथियम बॅटऱ्यांचं तसं नाही, मूळ कंपनीच्या बंद होत चालल्यात, बाजारातल्या नकली लवकर फुगतात. डोळ्याची खिडकी असलेले कॉम्पॅक्ट आता जवळजवळ कोणी बनवत नाही. नवीन पर्यायही कमी होत गेलेत, जपानच्या कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या आकड्यांत २०१० साली जवळपास ११ कोटी कॉम्पॅक्ट बाजारात गेले होते, २०२३ ला २० लाखांच्या आत. म्हणजे जे घराघरांत पडलेत तेच वापरात ठेवणं शहाणपणाचं.

आणि तुमच्या कॅमेऱ्यावर सीएचडीके चालतं. कार्डावर टाकायची फुकट प्रणाली आहे, कॅमेऱ्याच्या आतलं काही बदलत नाही. कार्ड त्यासाठी तयार केलेलं असलं आणि त्याची कुलूपपट्टी लावलेली असली की कॅमेरा चालू होताना ती आपोआप येते, पट्टी काढली की कॅमेरा मूळचा. रॉ फाइल मिळते, ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढता येतात. रॉमधून त्या सेन्सरचे रंग तुम्ही स्वतः काढून बघा, मजा येते.

घाटवाट

मी मात्र वरचा घ्या म्हणेन. संध्याकाळी सातनंतर ए५९० चा आयएसओ (अंधारात वाढवायची संवेदनशीलता) ४०० च्या पुढे गेला की दाणे फार. ट्रेनचा परतीचा प्रवास अंधारातच असणार ना तुमचा? एक इंची सेन्सरने फरक पडतो, खरंच पडतो.

बोरीबंदर_जुना

घाटवाट, अंधारात काढू नयेत फोटो असं नाही, पण सकाळची गाडी आहे ना त्यांची. सकाळचा उजेड फुकट आहे.

खिट्टीसाठी फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला अजून दुरुस्ती करणारे बसतात, तिथे विचारा. बंद पडलेल्या त्याच मॉडेलचं झाकण काढून बसवतात. तोवर झाकणावर आडवी कापडी चिकटपट्टी लावा, फक्त सेलवर दाब येईल अशी. आणि साधे अल्कलाइन सेल घालू नका, लवकर बसतात, या कॅमेऱ्यांना एकदम जास्त करंट लागतो. चार्ज होणारे एनआयएमएच घ्या, पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे मिळतात ते. दोन कॅमेऱ्यात, दोन डब्याशेजारी.

फलाट_पाच

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय: हाच दुरुस्त करणार. शनिवारी फोर्टात जातो. जीआर मनात बसलाय पण तो पुढच्या वर्षी बघू, आधी या कॅमेऱ्यावर स्लो सिंक्रो आणि अंतर आधी ठरवून फोटो काढायचा सराव करतो. माझ्या मेनूत हाताने फोकस लावायची सोय दिसतेय, तोक्योताई, सेन्सर एवढा लहान असताना किती मीटरवर ठेवू?

तोक्यो_मुक्कामी

झूम अजिबात न करता, पूर्ण रुंद टोकाला अडीच मीटरच्या आसपास ठेवा. एवढ्या लहान सेन्सरवर छिद्र पूर्ण उघडं असलं तरी साधारण सव्वा-दीड मीटरपासून पुढचं चालून जाईल. मला एफ/८ करावं लागतं ते तुम्हाला लागत नाही, म्हणजे शटर तुमचंच जास्त वेगात राहील. तुमच्या कॅमेऱ्यात छिद्र फार बारीक करूही नका, फोटो मऊ पडतो.

ढोलपथक_पुणे

पुण्यात कोणाला असे कॅमेरे बघायचे असतील तर बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. सेल आणि कार्ड खिशात घेऊन जा, तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. झूम पूर्ण आत-बाहेर, फ्लॅश, आणि आकाशाचा एक फोटो काढून डाग बघा.

निळी_शाई

कार्ड केवढं घ्यायचं? दुकानात ६४ जीबीच्या खाली ठेवतच नाहीत म्हणतात.

प्रकाशमापक

६४ नको. ते एसडीएक्ससी असतं, २००८-०९ चे कॅमेरे एसडीएचसीपर्यंतचेच, म्हणजे ३२ जीबी ही हद्द. ८ किंवा १६ जीबीचं शोधा, जुन्या कॅमेरा दुकानात मिळतं. २००६ च्या आधीचा कॅमेरा असेल तर बहुतेक २ जीबीच्या वर घेणार नाही. आणि कॉम्प्युटरवर नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.